सेंट जोसेफला निघालेल्या भाचीस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. व्हिसा झाला हे ऐकून माझाही जीव भांड्यात पडला. पण ती म्हणाली, पोरगी गप्प गप्प असते. बारावीच्या वर्गातली मुलं ॲरिझोना, टेक्सासच्या मोठाल्या युनिव्हर्सिट्यांत चालली आहेत, आणि हिच्या कॉलेजचं नाव सांगितलं तर समोरचा ‘कुठलं?’ म्हणून विचारतो. वर ते चर्चचं. म्हणून मुद्दाम बसून लिहिते आहे. फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करशील आणि ठेवून देशील. पत्र हाताशी राहतं.

आधी जागा समजून घे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराहून वायव्येला सव्वाशे किलोमीटरवर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये, सेंट जोसेफ नावाचं लहानसं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन कॅथलिक शेतकरी येऊन वसले. त्यांच्यामागोमाग बेनेडिक्टाइन पंथाचे संन्यासी आणि सिस्टर्स आल्या. संन्याशांनी १८५७ मध्ये मुलांसाठी सेंट जॉन्स सुरू केलं, सिस्टर्सनी १९१३ मध्ये मुलींसाठी सेंट बेनेडिक्ट कॉलेज. दोन्हींच्या मध्ये सहाएक किलोमीटरचं अंतर. आज वर्ग, प्राध्यापक, अभ्यासक्रम सगळं एकत्र चालतं. राहण्याच्या जागा तेवढ्या वेगळ्या. तू राहशील सेंट बेनेडिक्टला, आणि ‘लिंक’ नावाच्या बसने दिवसातून एकदा तरी तिकडे जाशील. बसचं वेळापत्रक पहिल्या आठवड्यात पाठ कर. जानेवारीत उणे वीस अंशांत बस चुकली की पुढची येईपर्यंतचा वेळ फार लांब वाटतो.

आता लहान कॉलेजचं. पंधरा-वीस जणांच्या वर्गात तुझी खुर्ची रिकामी असेल तर ती दिसते. दोनदा दिसली तर प्राध्यापकांचा मेल येतो, ‘सगळं ठीक आहे ना?’ आपल्याकडच्या सवयीने तुला वाटेल की आता रागावणार. रागवायला नाही, खरंच विचारायला लिहिलेलं असतं. सरळ उत्तर दे. ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे प्राध्यापक दार उघडं टाकून विद्यार्थ्यांची वाट बघत बसतात ते तास. आपली मुलं तिथे जात नाहीत. अडलं असेल तरच जायचं, आणि अडलंय हे कबूल करणं कमीपणाचं, अशी आपली समजूत. तू न अडताही जा. वर्गात ऐकलेलं एखादं वाक्य पटलं नाही म्हणून जा. चार वर्षांनी तुला शिफारसपत्र लागेल तेव्हा ते लिहिणाऱ्या माणसाला तू कोण आहेस हे माहीत असायला हवं, आणि ती ओळख या दारातूनच होते.

चर्चची भीती मात्र मनातून काढून टाक. तुला कुणी धर्म बदलायला सांगणार नाही. थिऑलॉजीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा, अभ्यास सगळ्यांना करावा लागतो, तुलाही करावा लागेल. पण तो वाचायचा, वाद घालायचा, निबंध लिहायचा विषय आहे, श्रद्धेची परीक्षा नव्हे. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जायची सक्ती नाही. तरी एकदा जा, कारण ज्या घरात चार वर्षं राहायचं त्या घरातली माणसं कशापुढे डोकं टेकवतात हे पाहिलेलं असावं. एक गोष्ट नीट लक्षात ठेव: मिस्सात पवित्र भाकर वाटतात त्या कम्युनियनच्या वेळी रांगेतून पुढे जाऊन प्रसाद समजून हात पुढे करू नकोस. ते फक्त कॅथलिकांसाठी असतं आणि त्यांच्या दृष्टीने फार पवित्र आहे. जागेवर बसून राहिलीस तरी कुणाला वावगं वाटत नाही. कम्युनियनऐवजी आशीर्वाद हवा असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरून पुढे जायचं.

आणि मिस्साला गेली नाहीस तरी सेंट जॉन्सच्या ॲबी चर्चमधल्या, म्हणजे मठाच्या चर्चमधल्या, संन्याशांच्या रोजच्या प्रार्थनेला एकदा नक्की बस. ती इमारत मार्सेल ब्रॉयर या वास्तुविशारदाची, १९६१ मध्ये पूर्ण झालेली. पुढे ११२ फूट उंच काँक्रीटचा भलामोठा फलक आणि त्यात टांगलेल्या घंटा. पहिल्यांदा पाहताना अगदी रुक्ष वाटते. आत मात्र संन्यासी पाहुण्यांना स्वतःच्या रांगेत, आपल्या शेजारी बसवून घेतात. स्तोत्रं सावकाश म्हणतात, इतकी सावकाश की ओळीच्या मध्यावर थांबून सगळे गप्प होतात. नवा माणूस त्या शांततेत हमखास एकटाच पुढचा शब्द बोलून जातो. तुझंही तसं झालं तर लाजू नकोस. हळूहळू कान त्या थांबण्याला सरावतो, आणि परीक्षेच्या आठवड्यात त्या अर्ध्या तासाने डोकं जितकं निवतं तितकं दुसऱ्या कशाने निवताना मी पाहिलेलं नाही.

ज्या गोष्टीसाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ती आता सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहून ठेवले. त्यातलं त्रेपन्नावं प्रकरण पाहुण्यांचं आहे: दारी आलेल्या प्रत्येकाचं स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आल्यासारखं करावं. हे तिथे फार मनापासून पाळतात. तुला घ्यायला येतील, ऊबदार कोट मिळवून देतील, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला कॅम्पस ओस पडला की कुणी ना कुणी घरी जेवायला नेईल. याच प्रेमात एक धोका आहे. आपली काही मुलं चारही वर्षं पाहुणीच राहतात. जेवताना परदेशी मुलांचं टेबल ठरलेलं, वर्षातून एकदा समोसे आणि बॉलिवूडचा नाच, बाकी खोलीत बसून भारतातल्या मित्रांशी चॅट. कुणी त्यांना दूर ठेवलेलं नसतं. त्या घरातलं कुठलंही काम त्यांनी उचललेलं नसतं, एवढंच. पाहुण्यावर कुणी रागावत नाही, कुणी त्याला काही मागत नाही, आणि म्हणून कुणी त्याच्यावर विसंबूनही राहत नाही.

तेव्हा पहिल्या सत्रातच कुठलंतरी काम घे. तुझ्या एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. भोजनगृह, ग्रंथालय, जे मिळेल ते. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय अजिबात नको, ओळखीच्या माणसाने ‘फक्त शनिवारी ये’ म्हटलं तरी नको. त्या पैशाने तिकिटाचा खर्च निघणार नाही, पण सकाळी सहाला ओट्यामागे तुझ्याबरोबर उभी राहणारी मुलगी दुपारी वर्गात आपोआप शेजारी येऊन बसते.

मार्चमध्ये सेंट जॉन्सच्या जंगलात मेपलचा पाक करतात, तो चुकवू नकोस. रात्री गोठण आणि दिवसा ऊन असे दिवस सुरू झाले की झाडांतून रस वाहू लागतो. खोडाला भोक पाडून, नळी बसवून बादल्या टांगतात. रस दिसायला पाण्यासारखा, गोडी जेमतेम जाणवेल इतकी. चाळीस लिटर आटवावा तेव्हा लिटरभर पाक होतो. लाकडाच्या जाळावर मोठ्या पात्रात तो उकळत असतो, शेडभर गोड वाफ कोंडलेली असते, आणि चिखलात बूट रुतवत बादल्या रिकाम्या करायला विद्यार्थी, संन्यासी, गावकरी सगळे. तुझ्या आजोळच्या गुऱ्हाळावर लहानपणी रमायचीस तशीच इथेही रमशील. १९४२ पासून हे चालू आहे. कुणालाही हात लावायची मुभा आहे, आणि चौकशी न करता कामाला जुंपतात.

नियमांचं तिसरं प्रकरणही सांगून ठेवते, बैठकीत तोंड उघडायला धीर येईल. मठात महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर सगळ्यांना बोलावून विचारावं असं त्यात आहे, कारण देव बऱ्याचदा धाकट्याच्याच तोंडून योग्य ते सुचवतो. हॉस्टेलची सभा असो, विद्यार्थी मंडळ असो, भोजनगृहात शाकाहारी जेवण धड मिळत नसल्याची तक्रार असो, तू बोल. कोपऱ्यात कुजबुजून काही होत नाही. बोललेलं तिथे ऐकून घेतात.

नोव्हेंबर अवघड जातो. साडेचार-पाचला अंधार, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, पहिल्या परीक्षांचे गुण हातात. आपल्याकडे पहिल्या पाचात असणाऱ्या मुलीला पहिल्याच निबंधावर ‘सी’, म्हणजे जेमतेम मधली श्रेणी, मिळतो आणि ती घरी सांगत नाही. तू सांग. असा एखादा दिवस आला की सेंट जॉन्सला जाऊन तिथलं हस्तलिखित बायबल बघून ये. १९९८ मध्ये मठाने डोनल्ड जॅक्सन या सुलेखनकाराकडे ते सोपवलं आणि २०११ मध्ये ते पुरं झालं. वासराच्या कातड्यापासून केलेल्या पानांवर, पिसाच्या लेखणीने, पानामागून पान. समासात मिनेसोटातली फुलपाखरं आहेत. एका पानावर लिहिणाऱ्याची एक ओळ राहून गेली. कातडं फेकून देता येत नाही. मग राहिलेली ओळ खाली लिहिली आणि एक मधमाशी काढली, दोरी आणि कप्पीने ती ओळ तिच्या जागी ओढून नेणारी. मूळ पानं आळीपाळीने मांडतात, पण छापील प्रती असतात; तिथल्या माणसांना ‘मधमाशीचं पान’ म्हण, काढून दाखवतील. तिथेच हस्तलिखितांचं ग्रंथालय आहे. युद्धात युरोपातली जुनी हस्तलिखितं नष्ट होतील या धास्तीने १९६५ मध्ये ऑस्ट्रियात त्यांचे फोटो काढण्यापासून त्याची सुरुवात झाली. पुढे इथिओपिया, टिंबक्टू, आणि आपल्या केरळातली सिरियन ख्रिस्ती हस्तलिखितंही त्यांनी जतन केली. इतिहासाची तुला आवड आहे, तिथे काम मिळालं तर सोडू नकोस.

एक कडू गोष्टही तुला ठाऊक असायला हवी. कॅथलिक चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांपासून हा मठ सुटलेला नाही. ज्यांच्यावर विश्वसनीय आरोप होते त्या संन्याशांची नावं २०१३ मध्ये मठाने जाहीर केली. मी त्या माणसांचं कौतुक करते म्हणून हे झाकणार नाही. कुणाच्याही अंगावरच्या झग्यामुळे किंवा पदामुळे तुझी सावधगिरी कमी होऊ देऊ नकोस. काही खटकलं तर कॉलेजातल्या टायटल नाइन कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं, आणि त्याच रात्री मला फोन करायचा. किती वाजले ते बघायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. सत्राला बारा क्रेडिटच्या खाली जाऊ नकोस. एखादा विषय सोडायचा असेल तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचार, मग सोड. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळव. भारतात येण्याआधी आय-ट्वेंटीवर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, प्रवासाची सही घेतलेली आहे ना, पाहा. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवायचा असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी गणिताबरोबर एखादा चित्रकलेचा किंवा तत्त्वज्ञानाचा वर्ग घ्यायला घाबरू नकोस. ठरवताना मात्र एवढं बघ: पदवीनंतर कुणालाही बारा महिने काम करता येतं, पण स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीतला विषय असेल तर आणखी चोवीस महिने मिळतात. मनाला इतिहास हवा असेल तर इतिहासच घे. फक्त हा हिशेब आधी माहीत असू दे, चौथ्या वर्षी कळायला नको.

चौथ्या वर्षाबद्दल आत्ता बोलणं लवकर आहे, तरी सांगते, कारण लहान कॉलेज सोडणं मोठं सोडण्यापेक्षा जड जातं. नोकरीच्या गावी गेल्यावर शेजारी कोण राहतं हेही कळत नाही, आणि इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा नावाने हाक मारायचा. इथून बाहेर पडलेली मुलं पहिलं वर्षभर फार एकटी पडतात. ज्यांनी इथे काम उचलायची सवय लावून घेतली ती नव्या गावातही कुठेतरी जाऊन विचारतात, ‘काही मदत हवी का?’ आणि तीच आधी सावरतात.

आपली माणसं हवीशी वाटतील, तर मिनियापोलिसकडे मराठी मंडळ आहे आणि मेपल ग्रोव्हला मोठं मंदिर आहे, आय-नाइंटीफोर महामार्गाच्या वाटेवरच. गणपतीत मी तुला नेईन. दर शनिवार-रविवारी मात्र नेणार नाही. पहिले काही महिने सुट्ट्या कॅम्पसवरच काढ.

तिकीट काढलंस की विमानाचा नंबर पाठव. थंडीचे कोट आणि बूट पुण्यात घेऊ नका, ते तिथल्या थंडीला पुरत नाहीत. आल्यावर जवळच्या सेंट क्लाउड शहरात जाऊन घेऊ. आईला सांग, मेतकूट आणि गोडा मसाला घट्ट बंद करून दे, आणि कस्टम्समध्ये विचारलं तर खाण्याचं सामान आहे असं सरळ सांग.

तुझी,
मावशी