बाळंतपणानंतर परतलेल्या इंजिनिअर मुली नोकरी का सोडतात?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या अंबडमधल्या तुमच्या कारखान्यात डिझाइन आणि क्वालिटीला हुशार मुली येतात, पण बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या की वर्षभरात राजीनामा देतात. त्यांना टिकवायचं कसं? मी सातपूरला क्वालिटीत आहे, दोन मुलांची आई आहे, म्हणून लिहिते.

आधी हे तपासा की परत आल्यावर तिला तिचं काम परत मिळालं का. माझ्या पहिल्या कंपनीत सीएमएमचे, म्हणजे पार्टची मापं तपासणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम मी लिहायचे, कस्टमर ऑडिटला मीच उभी राहायचे. रजा संपवून आले तर मशीन दुसऱ्याकडे आणि माझ्या टेबलावर कॅलिब्रेशन सर्टिफिकेटांच्या फायली. "बाळ लहान आहे, तुम्हाला ताण नको," असं साहेब अगदी मनापासून म्हणाले. पगार तोच होता. पण तान्ह्या लेकराला सासूबाईंकडे ठेवून दिवसभर फायलींवर नंबर टाकायचे, तर कशासाठी, हा प्रश्न रोज पडतो. हळूहळू घरचेही तेच विचारू लागतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं. मी सोडलीच ती नोकरी. आत्ताच्या कंपनीत दुसऱ्या बाळंतपणानंतर आले, तेव्हा आठवड्याभरात नव्या पार्टचं पीपीएपी, म्हणजे उत्पादनाआधी कस्टमरची मंजुरी मिळवायचं काम, माझ्या हातात होतं. धावपळ खूप झाली, पण सोडायचा विचार आला नाही.

तिला काय झेपेल हे तिलाच विचारा. परस्पर ठरवू नका.

पाळणाघराचा प्रश्न खराच आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाता येतं. म्हणून पाळणाघर कारखान्याजवळच हवं. तुमच्याकडे माणसं कमी असतील, तर शेजारच्या दोन-चार कारखानदारांशी बोलून मिळून चालवा. संध्याकाळी सहाची प्रॉडक्शन मीटिंग सकाळी घ्या, त्याला तर खर्चही नाही. आणि अप्रेझलला रजेचे महिने तिच्या नावावर 'कमी काम' म्हणून मांडू नका. त्या एका शेऱ्याने प्रमोशन मागे पडतं आणि बरोबरीचे पुढे जातात.

तुमच्याकडून गेलेल्यांपैकी कुणी एम.एस्सी. किंवा पीएच.डी. असेल आणि संशोधनात परतायचं असेल, तर तिला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना सांगा. ती करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांचाही विचार करते. इंजिनिअर मुलींना मात्र तुम्ही स्वतःच फोन करा.