लांबच्या प्रवासाला बोइंग ७८७ बरं की एअरबस ए३५०?

भाडं आणि वेळ सारखीच असेल तर मी ए३५० घेईन, आणि कारण आहे सीटची रुंदी. दोन्ही विमानांत इकॉनॉमीत बहुतेक कंपन्या एका ओळीत ३-३-३ अशा नऊ सीट बसवतात, पण ए३५०ची केबिन आतून सुमारे १२ सेंटिमीटर जास्त रुंद आहे. म्हणून तिथे साधारण १८ इंचांची सीट मिळते, तर ७८७मध्ये १७च्या आसपास. एक इंच ऐकायला काहीच नाही, पण नऊ तास शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लावून बसलात की तो इंच फार मोठा वाटतो!

थकव्याच्या बाबतीत मात्र दोन्ही उत्तम. जुन्या विमानांत केबिनमधला हवेचा दाब ८००० फूट उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो, या दोघांत तो ६००० फुटांइतका राखतात. दोन्हींचा सांगाडा मुख्यतः कार्बन फायबरचा. तो गंजत नसल्याने हवेत ओलावाही थोडा जास्त ठेवता येतो. उतरल्यावर घसा कोरडा पडणं, डोकं जड होणं खरंच कमी जाणवतं.

खिडकीत बसून बाहेर बघत राहायला आवडत असेल तर ७८७ घ्या. तिच्या खिडक्या मोठ्या आहेत आणि शटरऐवजी बटणाने काच गडद होते. फक्त झोपणाऱ्यांना ती पुरेसा अंधार देत नाही, डोळ्यांची पट्टी जवळ ठेवा.

एअर इंडियाकडे दोन्ही विमानं आहेत, ७८७ २०१२पासून आणि ए३५० २०२४पासून. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघूनच पैसे भरा.