रात्री नदीवर गळ टाकताना

प्रश्न : मित्रासोबत रात्री चोणकासाठी (खाडीतला शिकारी मासा) गळ टाकायला जाणार आहे. गोव्यातल्या मांडवी नदीचा काठ बरा की कुंभारजुवेचा कालवा? वेळ कोणती निवडावी?
– एक वाचक, बाणस्तारी

उत्तर : प्रथम भरतीची वेळ पाहावी. ती दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ इतकी असते की गळाला वजनासाठी बांधलेले शिसे तळाशी ठरत नाही. म्हणून नवख्यांनी अष्टमीच्या आसपासची भांगेची, म्हणजे कमी ओढीची, भरतीच निवडावी, असे माझे ठाम मत आहे. धक्क्यावरच्या दिव्याखाली सुंगटे (कोळंबी) आणि बारीक मासळी जमते, आणि चोणक उजेडात न येता सावलीच्या कडेला दबा धरून तिच्यावर झेप घेतो. तेव्हा जिवंत सुंगट त्या कडेलाच सोडावे आणि विजेरी पाण्यावर मारू नये.

कालव्यात मगरींची वस्ती आहे, त्यामुळे तो रात्री टाळावा हेच उत्तम. मांडवीवरही उंच, पक्क्या धक्क्यावरूनच गळ टाकावा. मासा लागल्यावर एकाने दोरी ताणून धरावी आणि दुसऱ्याने लांब दांड्याच्या जाळीने तो वर घ्यावा, कारण चोणकाच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि नुसत्या हाताने धरल्यास बोट चिरते.