चित्रवह्यांचं कुलूप आधी काढा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित उत्तम. पण जुन्या वास्तूंच्या संवर्धनात करिअर करायचं म्हणते. पडक्या वाड्यांत काय भवितव्य? डागडुजी तर गवंडीही करतो. सीईटी होईपर्यंत तिच्या चित्रवह्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या आहेत. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगकडे कसं वळवू? – एक वडील, पुणे (पत्र संक्षिप्त)

उत्तर : मला तिच्या मार्कांची नाही, त्या कुलपाची काळजी वाटते. मूळ पत्रात तुम्हीच लिहिलंय, की दर रविवारी ती विश्रामबागवाड्यासमोर बसून सज्जाचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब काढते. कुणी न सांगता मुलगी एका खांबापाशी तासन्‌तास रमते आणि नेमकं तेच तुम्ही हिसकावून घेतलंत. पत्रात नातेवाइकांची मतं भरपूर आहेत, तिचं म्हणणं जेमतेम एका ओळीत. धाकाने ती अभ्यासाला बसेलही. पण मनातलं तुम्हाला सांगणं थांबवेल. हे नुकसान कुठल्याही कॉलेजच्या फीने भरून निघत नाही.

आता गवंड्याचं. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. वर सिमेंट थापलं, की ती वाट बुजते. मग ओल विटेतून मार्ग काढते, सोबतचे क्षार आत साठतात आणि वीट भुगा होऊन झडू लागते. म्हणूनच चुना किती मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात किती मळायचा, गूळ-हिरडा किती घालायचा, हे शिकावं लागतं. जाड भिंती आणि मधल्या उघड्या चौकामुळे वाडा थंड राहतो. तो गारवा न घालवता आजचं वायरिंग, स्वच्छतागृहं बसवणं हे खरं पर्यावरणपूरक काम. नुसती छपरावर सोलर पॅनेल ठोकून ते होत नाही. आणि काम कमी नाही : २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत.

तिचा रस्ता असा : नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, पाच वर्षांचं बी.आर्क., मग संवर्धनात मास्टर्स, दिल्ली-भोपाळच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात. सुरुवातीला पगार सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा कमी मिळेल, हे तिला स्पष्ट सांगा. इंजिनीअरिंगच करायचं ठरलं, तर सिव्हिल करूनही जुन्या इमारतींच्या मजबुतीवर काम करता येतं. आयआयटी मद्रासमध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. मात्र हा पर्याय तिच्यापुढे ठेवा, लादू नका.

परीक्षा संपली, की तिला महिनाभर एखाद्या संवर्धनाच्या साइटवर, मेच्या उन्हात चुना मळणाऱ्या कारागिरांबरोबर काम करू द्या. त्यानंतर ती जे ठरवेल, त्याची फी भरा.