काट्यावरच्या पावत्या का मिसळतात: सर्व्हलेटचं आयुष्य आणि रिक्वेस्टचं आयुष्य

भावा, तू तीन वेगवेगळ्या तक्रारी मांडल्यास, पण दुखणं एकच आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं ॲप, साधे जावा सर्व्हलेट (ब्राउझरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारे जावा क्लास), ते चालवणारा सर्व्हर टॉमकॅट ९, आणि तो काटाघरातल्याच पीसीवर. गाड्यांची रांग लागली की शिरोळच्या शेतकऱ्याच्या पावतीवर कागलच्या ट्रॅक्टरचा नंबर छापून येतो. लाईट जाऊन आली की जुनेच पावती नंबर पुन्हा सुरू होतात. आणि नवीन वॉर फाइल (ॲपचं बांधलेलं पॅकेज) चढवली की काट्याचा सिरियल पोर्ट बिझी दाखवतो, मग टॉमकॅटच बंद करून चालू करावा लागतो. टॉमकॅट बदलू का, असं तू विचारलंस. नको. बिचाऱ्या टॉमकॅटचा यात काही संबंध नाही.

प्रत्येक रिक्वेस्टला नवीन सर्व्हलेट तयार होतो असं धरून तू कोड लिहिला आहेस. तसं होत नाही. कंटेनर, म्हणजे इथं टॉमकॅट, तुझ्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट बनवतो, त्यावर इनिट ही सुरुवातीची मेथड एकदाच चालवतो, आणि नंतर येणारी प्रत्येक रिक्वेस्ट त्याच ऑब्जेक्टच्या सर्व्हिस मेथडमधून जाते. डूगेट (माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टसाठी) आणि डूपोस्ट (माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टसाठी) यांना तिथूनच हाक जाते. रिक्वेस्ट वेगळी, थ्रेड (समांतर चालणारी कामाची ओळ) वेगळा, ऑब्जेक्ट मात्र तोच. टॉमकॅटच्या डिफॉल्ट सेटिंगला असे २०० थ्रेड एका वेळी आत असू शकतात.

आता तुझा कोड बघ. क्लासच्या वरच्या बाजूला गाडीनंबर, शेतकरीकोड आणि भरवजन हे तिन्ही फील्ड म्हणून आहेत. डूपोस्टमध्ये तू आधी ते भरतोस, मग डेटाबेसमधून रिकाम्या गाडीचं वजन काढतोस, मग निव्वळ वजन काढून पावती छापतोस. पहिल्या काट्यावरची रिक्वेस्ट गाडीनंबर भरून डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबली. तेवढ्यात दुसऱ्या काट्यावरची आली आणि तिनं त्याच फील्डवर आपली गाडी लिहिली. पहिलीला उत्तर मिळालं, ती पुढं सरकली आणि पावतीवर दुसरीची गाडी छापून मोकळी झाली. दोन कारकुनांना मिळून एकच पाटी दिल्यासारखं आहे हे. तुझ्या लॅपटॉपवर तू एकटाच, त्यामुळं तिथं कधी दिसलं नाही.

विश्वास बसत नसेल तर डूपोस्टमध्ये सुरुवातीला थ्रेडचं नाव आणि सिस्टिम क्लासच्या आयडेंटिटी हॅशकोड मेथडला धिस देऊन येणारा आकडा लॉगमध्ये काढ. फील्ड भरल्यानंतर पाच सेकंदांचा स्लीप टाक आणि दोन गाड्या एकापाठोपाठ पाठव. थ्रेडची नावं वेगळी येतील, एचटीटीपी-निओ-८०८०-एक्झेक-३ नि ४ अशी काहीतरी, आणि आकडा दोन्हीकडे तोच, म्हणजे ऑब्जेक्ट एकच. चाचणी घेताना दोन वेगळे ब्राउझर वापर. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये तोच पत्ता उघडला तर कधीकधी ब्राउझर स्वतःच दुसरी रिक्वेस्ट अडवून धरतो, आणि तुला वाटतं सगळं ठीक चाललंय.

उपाय साधा आहे. रिक्वेस्टचं जे आहे ते मेथडच्या आत, लोकल व्हेरिएबलमध्ये. फील्डमध्ये फक्त तेच, जे इनिटमध्ये एकदा ठरतं आणि नंतर बदलत नाही, किंवा जे अनेक थ्रेडनी एकत्र वापरायलाच बनवलंय. डेटासोर्स, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन काढून देणारा ऑब्जेक्ट, चालेल. कनेक्शन चालणार नाही, आणि तू इनिटमध्ये एक कनेक्शन उघडून फील्डमध्ये ठेवलं आहेसच! दोन थ्रेड तेच कनेक्शन वापरतात तेव्हा एकाच्या कमिटनं दुसऱ्याची अर्धवट नोंदही पक्की होते. वर मायएसक्यूएल आठ तास रिकामं बसलेलं कनेक्शन डिफॉल्टनं तोडून टाकतो, म्हणजे हंगाम संपल्यावर रोज सकाळी पहिल्या माणसाला एरर. पूल (तयार कनेक्शनचा साठा) लाव, मेथडमध्ये कनेक्शन घे आणि तिथंच परत कर. पावतीवर तारीख छापणारा सिम्पलडेटफॉरमॅटही स्टॅटिक ठेवलायस. तोही थ्रेडसेफ नाही, गर्दीत तारखा बिघडवतो. जावा ८ पासूनचा डेटटाइमफॉरमॅटर घे, तो फील्डमध्ये ठेवला तरी चालतो.

कुणीतरी तुला सांगेल, डूपोस्टला सिंक्रोनाइज्ड लाव. पावत्या मिसळायच्या थांबतील, पण दोन काटे असून एका वेळी एकच चालेल. जुन्या कोडमध्ये सिंगलथ्रेडमॉडेल (एका ऑब्जेक्टमध्ये एका वेळी एकच थ्रेड सोडणारा इंटरफेस) दिसला तर त्याच्याही नादी लागू नको. तो सर्व्हलेट स्पेसिफिकेशनच्या २.४ आवृत्तीतच बाद ठरवला आणि ६.० मध्ये काढून टाकला. सेशन आणि स्टॅटिक गोष्टी त्यानं कधीच सुरक्षित होत नव्हत्या. उद्या स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवर गेलास तरी हा रोग सोबत येईल, तिथला रिक्वेस्ट घेणारा कंट्रोलरही डिफॉल्टनं एकच असतो.

आता पावती नंबर. इनिटमध्ये फाइलमधून शेवटचा नंबर वाचायचा, फील्डमध्ये वाढवत जायचं आणि डिस्ट्रॉय या शेवटच्या मेथडमध्ये परत फाइलमध्ये लिहायचं, असं तू केलंयस. डिस्ट्रॉय येतो तो ॲप किंवा सर्व्हर रीतसर बंद केल्यावर. कंटेनर आत असलेल्या थ्रेडना बाहेर पडायला थोडी सवड देतो, टॉमकॅटमध्ये ती डिफॉल्टनं २००० मिलिसेकंद आहे, आणि मग डिस्ट्रॉय चालवतो. काटाघराची लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली, कुणी टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारली, की डिस्ट्रॉयला कुणी विचारत नाही. इनिटमध्येच एक्सेप्शन आलं तरीही डिस्ट्रॉय येत नाही. म्हणजे इनिटमध्ये अर्धवट उघडलेलं तिथल्या तिथं बंद करणं तुझ्याकडेच. तेव्हा गेलं तर नुकसान होईल असं काही डिस्ट्रॉयच्या भरवशावर ठेवू नको.

नंबर डेटाबेसला देऊ दे. ऑटो इन्क्रिमेंट (डेटाबेस आपोआप पुढचा नंबर देतो) सोपा आहे, पण रोलबॅक झाला, म्हणजे नोंद मागे घेतली गेली, की मधला नंबर गळतो. तुमच्या ऑडिटवाल्यांना मधे एकही नंबर गळालेला चालणार नसेल, आणि काट्याच्या पावतीला बहुतेक चालत नाही, तर नंबराचं एक वेगळं टेबल कर. पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सिलेक्ट फॉर अपडेटनं ती ओळ धर, नंबर वाढव, पावती लिही, कमिट कर. तेवढ्यापुरता दुसरा काटा थांबेल, पण ते काही मिलिसेकंद असतात. फील्डमधल्या प्लस-प्लसच्या जागी ॲटॉमिकइंटिजर (अनेक थ्रेडनी एकत्र वाढवला तरी न चुकणारा आकडा) टाकून भागवायला जाऊ नको. लाईट गेली की तोही शून्यावर.

राहिला पोर्ट. काट्याच्या इंडिकेटरवरून वजन वाचणारा थ्रेड तू सर्व्हलेटच्या इनिटमध्ये सुरू केलायस आणि डिस्ट्रॉयमध्ये त्याचं नावही नाही. नवीन वॉर आली की कंटेनर जुना सर्व्हलेट सोडून देतो, पण तू सुरू केलेला थ्रेड तुझा, तो तसाच चालू राहतो. पोर्ट त्याच्या हातात, नवीन ॲपला बिझी. शिवाय त्या थ्रेडनं जुन्या ॲपचा क्लासलोडर (ॲपचे क्लास मेमरीत आणणारा) अख्खाच्या अख्खा धरून ठेवलेला असतो, म्हणून चार-सहा वेळा वॉर बदलली की मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) संपल्याची तक्रार येते. लॉग नीट वाच. ॲपनं थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, अशी वॉर्निंग टॉमकॅट थ्रेडच्या नावासकट देतो.

हे काम सर्व्हलेटमध्ये ठेवूच नको. सर्व्हलेटचा इनिट डिफॉल्टनं पहिली रिक्वेस्ट येईपर्यंत चालतही नाही. लोड-ऑन-स्टार्टअप या सेटिंगला शून्य किंवा त्यापुढचा आकडा दिला तरच सुरुवातीला चालतो. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनर (ॲप सुरू आणि बंद होताना कंटेनर ज्याला हाक देतो तो क्लास) लिही. त्याची सुरू होण्याची मेथड सगळ्या सर्व्हलेटच्या आधी चालते आणि बंद होण्याची सगळ्यांच्या नंतर, म्हणजे थ्रेड सुरू आणि बंद करायला तीच जागा. लाईट गेली तर मात्र बंद होण्याची ही मेथडही चालत नाही.

थ्रेडला फक्त इंटरप्ट करून (थांबायची खूण देऊन) भागेल असं समजू नको. थ्रेड सिरियल पोर्टच्या रीडमध्ये अडकून बसला असेल तर इंटरप्ट त्याला बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. पोर्टला एक सेकंदाचा रीड टाइमआउट लाव, लूपमध्ये दर फेरीला व्होलाटाइल फ्लॅग (एका थ्रेडनं बदलला की दुसऱ्याला लगेच दिसणारी खूण) तपास. बंद करताना फ्लॅग पाड, थ्रेडला जॉइन करून, म्हणजे तो संपायची वाट बघत, दोन-तीन सेकंद थांब आणि मग पोर्ट बंद कर. कुठली सिरियल लायब्ररी वापरतोयस ते लिही, टाइमआउट कुठं लावायचा ते बघून सांगतो.