समुद्रातल्या माशाचा मालक कोण?

प्रश्न : काही देशांत मासेमारीचा कोटा चक्क विकत मिळतो म्हणे. म्हणजे पाण्यातला मासा आधीच कोणाच्या तरी नावावर का?

उत्तर : नाही हो, मासा नाही, फक्त वाटा. आधी सरकार ठरवतं की यंदा एकूण किती टन पकडायचे, मग त्यातले ठराविक टक्के बोटवाल्यांना, आणि तो वाटा विकता येतो. न्यूझीलंडने हे १९८६ मध्ये सुरू केलं. आइसलँडच्या १९९० च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलंय की माशांचे साठे देशाच्या मालकीचे, कोटा मिळाला म्हणून मालकी नाही.

फायदा बघायचा तर अमेरिकेतल्या अलास्काचा हॅलिबट, म्हणजे एक मोठा चपटा मासा. आधी सीझन एक-दोन दिवसांचा, त्यामुळे वादळ असो नाहीतर काही, सगळे एकदमच सुटायचे, गळांचे दोर एकमेकांत अडकायचे, माणसं मरायची आणि मासा एकदम आल्याने भावही पडायचा. १९९५ मध्ये वाटे दिले आणि सीझन आठेक महिन्यांचा झाला.

पण पहिले वाटे बहुतेक ठिकाणी फुकट वाटले गेले, तेही जुन्या पकडीवर, आणि नंतर ते मोठ्या कंपन्यांकडे गोळा होत गेले. नवीन पोराला बोटीपेक्षा कोटाच महाग पडतो! माझ्या मते खरा घोळ इथेच आहे.