वाचकांचे प्रश्न : कॉटमन यांची चित्रे आणि शिकवण्या

प्रश्न : ‘ग्रेटा ब्रिज’ हे जलरंगचित्र छापील स्वरूपात पाहिल्यापासून जॉन सेल कॉटमन या इंग्लिश चित्रकाराविषयी कुतूहल आहे. एवढ्या ताकदीच्या कलावंताने जन्मभर शिकवण्या का केल्या, आणि त्यामुळे त्यांच्या कलेचे नुकसान झाले का?

उत्तर : शिकवण्या केल्या त्या पोटासाठी. कॉटमन यांचा जन्म १७८२ मध्ये नॉर्विच येथे झाला. सोळाव्या वर्षी ते लंडनला गेले, तेथे छापील चित्रे रंगवण्याचे काम केले आणि कलाप्रेमी वैद्य डॉ. मन्रो यांच्या घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांत वावरले. पण लंडनमध्ये हवा तसा जम बसला नाही आणि १८०६ मध्ये ते गावी परतले.

तत्पूर्वी, १८०३ ते १८०५ या काळात, यॉर्कशरमधील चमली कुटुंबातील मुलींना चित्रकला शिकवण्याच्या निमित्ताने त्यांचे तिकडे जाणे झाले आणि १८०५ मध्ये ग्रेटा नदीकाठी त्यांची सर्वोत्तम चित्रे जन्माला आली. आपण उल्लेखिलेले चित्र मुळात लहानसे, जेमतेम ३३ सेंटिमीटर रुंदीचे आहे. त्यात दगडी पुलाची एकच कमान, शेजारी चौकोनी घर, मागे गर्द झाडी आणि पुढे पाण्यात पडलेले धोंडे दिसतात. एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, पूर्ण वाळल्यावरच शेजारचा दिलेला असल्यामुळे प्रत्येक आकाराची कड स्वच्छ राहते, आणि उजेड दाखवण्यासाठी पांढरा रंग न वापरता कागदच कोरा सोडलेला आहे. हात आवरता घेण्याची ही शिस्त त्या काळी फारच थोड्यांपाशी होती. तेव्हा शिकवणीनेच त्यांना ग्रेटाकाठी नेले, हेही विसरता येत नाही.

नॉर्विचमध्ये १८०९ च्या सुमारास त्यांनी चित्रांचे फिरते वाचनालयच सुरू केले. तिमाही एक गिनी (त्या काळचे इंग्लिश नाणे) वर्गणी भरणाऱ्यास सुमारे ६०० चित्रांतून हवे ते घरी नेऊन त्याची नक्कल करता येई. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण नक्कल करूनच शिकण्याच्या त्या काळात अस्सल चित्र हाती पडणे ही विद्यार्थ्यासाठी मोठी गोष्ट होती.

नुकसान झाले ते पुढे. १८१२ मध्ये ते ग्रेट यारमथला गेले. तेथील बँकर डॉसन टर्नर यांच्या पत्नीला व मुलींना शिकवणे आणि टर्नर यांच्या आवडीच्या प्राचीन वास्तूंची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रे) करणे यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या तीन सफरींतून १८२२ मध्ये त्या वास्तूंवरचा भव्य ग्रंथ निघाला खरा, पण जलरंग मागे पडले. पुढे कर्ज आणि औदासीन्य यांनी त्यांना वारंवार घेरले. माझ्या मते दोष शिकवण्याचा नव्हता. दुसऱ्याच्या हौसेपायी स्वतःचा ब्रश बाजूला ठेवावा लागला, हे खरे दुखणे होते.

१८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये त्यांना चित्रकलाशिक्षकाची नोकरी मिळाली. पुढे कवी व चित्रकार म्हणून गाजलेला दान्ते गॅब्रिएल रोझेटी हा तेथला त्यांचा विद्यार्थी. या अखेरच्या काळातही त्यांनी पिठाची खळ मिसळून जलरंग दाट करण्याचे नवे तंत्र वापरले. २४ जुलै १८४२ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांची चित्रे कवडीमोलाने विकली गेली.

‘ग्रेटा ब्रिज’ची १८०५ च्या सुमाराची आवृत्ती ब्रिटिश म्युझियममध्ये आणि १८१० ची नॉर्विच कॅसल म्युझियममध्ये आहे. आपण दोन्हींच्या छापील प्रती शेजारी ठेवून अवश्य पाहाव्यात.